ओदेतचा माईक मुका नाही

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. रंग उडालाय, जाळीला पोचा आहे, पण कीव करू नका. माझा जन्म परदेशी कारखान्यात झाला आणि आयुष्य गेले कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटावर, ओदेतच्या हातात. ओदेत झूक गायची. संथ ठेक्यावरची, क्रिऑल बोलीतली प्रेमगाणी. आधी लग्नांत, मग रेडिओवर, मग थेट पॅरिसला.

तिथे एक रेकॉर्डवाले साहेब म्हणाले, "क्रिऑल कुणाला कळतं? फ्रेंचमध्ये गा."

"ज्यांना प्रेमात पडायचंय, त्यांना कळतं की!" ती म्हणाली आणि क्रिऑलमध्येच गायली. सभागृह डोलले. तिचा श्वास माझ्या जाळीवर ऊन-ऊन लागायचा. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. आवाज फाटला, बोलावणी थांबली. तीन वर्षे मी कपाटात धूळ खात पडलो.

मग बेटावरच्याच सेंत-आन गावच्या जत्रेचे आमंत्रण आले. आयोजक मोर्विल लाघवीपणे म्हणाले, "ओदेतताई, जुनी टेप लावू. तुम्ही नुसते ओठ हलवा. माईक बंदच राहील."

मित्रांनो, मला बंद ठेवून तिच्या हातात द्यायचे! माझ्या जातीला याहून मोठा अपमान नाही.

"ऐक त्यांचं," तिचा भाऊ फुलबेर गिटारच्या तारा जुळवत पुटपुटला. "उगाच हसं होईल."

"होऊ दे. माझंच होईल ना?"

भर दुपारी ती मंचावर चढली. टेप सुरू झाली. तिने हात वर केला. "बंद करा ते!" आणि माझी वायर स्वतः जोडली.

पहिल्याच ओळीला आवाज चिरकला. गर्दीतून एक बाई ओरडली, "अगं, घशात काय अडकलंय?"

"डॉक्टरांची सुरी होती, काढली! आता ऐक!"

हशा उसळला. ओदेतने पट्टी खाली घेतली. फुलबेरने मुकाट्याने साथ धरली. खरखरीत, खोल आवाज माझ्यातून निघाला आणि मघाची तीच बाई नवऱ्याला ओढून नाचू लागली.

मोर्विलनी पुन्हा बोलावले नाही. न बोलावोत! आता दर रविवारी आम्ही मासळीबाजाराच्या ओट्यावर गातो.

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, जाळी पुसा, वायर पिळू नका. पण काचेच्या पेटीत घालून माझे कौतुक मांडू नका. आणि कुणाचा आवाज थकला, तर माझे बटण बंद करण्याआधी त्यालाच विचारा.