श्रद्धांजलीच्या धाग्यातला झेंडू

‘मागे चर्चा झाली आहे. शोधा.’

आमच्या मंचावर हे वाक्य इतक्यांदा लिहिलं गेलंय, की मंचाचं नाव बदलून हेच ठेवावं असं मला कधीकधी वाटतं. तसं नाव ‘फूलमळा’ आहे. नाशिकच्या आजूबाजूला झेंडू, शेवंती, गुलाब लावणाऱ्यांनी एकमेकांना विचारावं, सांगावं, म्हणून मी आणि माझा आतेभाऊ योगेश, आम्ही दोघांनी तो इंटरनेटवर सुरू केला. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी टाकलेलं संध्याकाळी सापडत नाही, ही तेव्हाची तक्रार. आता मंचावर वर्षानुवर्षांचं ज्ञान साठलंय आणि तेही सापडत नाही. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

योगेश पुण्यात बसून यंत्राची बाजू बघतो. माणसांची बाजू माझ्या गळ्यात. माहेर फुलं पिकवणाऱ्यांचं, म्हणून मला त्यातलं कळतं असं सगळे धरून चालतात. नाशिक रोडला एका विम्याच्या कचेरीत दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि घरी येऊन कुकर लावता लावता फूलवाल्यांची भांडणं सोडवायची. कंटाळा आलाय. दर दिवाळीला ठरवते की हे कुणाच्या तरी हवाली करून मोकळं व्हायचं. घेणारं कुणी नाही.

या श्रावणात निकिता आली. दिंडोरी रोडच्या बाजूची. नवरा कंपनीत, सासऱ्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे अर्ध्या एकराचा मळा हिच्याकडे आलेला. दसऱ्यासाठी झेंडू लावला होता. तिनं विचारलं, ‘पाणी भरपूर देतेय तरी झाडं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी उठतात, आणि दोन-तीन दिवसांनी उठतच नाहीत. काय करू?’

आमच्या जुन्या मंडळींनी पटापट उत्तरं दिली. ‘मर रोग आहे. मागे चर्चा झाली आहे.’ ‘शोधा म्हणजे सापडेल.’ ‘नवीन सभासदांनी आधी जुनं वाचावं ही विनंती.’ एकानं तर नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. आठवड्यानं तिनं लिहिलं, ‘शोधलं. सापडलं नाही. झाडं उपटून बांधावर टाकली. शेजारची सरीपण माना टाकतेय. सगळ्यांचे आभार.’

ते ‘आभार’ मला लागलं. मी तिचा नंबर काढून फोन लावला.

“ताई, खोटं नाही सांगत, मी खूप शोधलं,” ती म्हणाली. “‘झेंडू मर’ टाकलं की एकच पान वर यायचं. उघडलं, तर कुणा बाईंचा हार घातलेला फोटो. श्रद्धांजलीचं पान होतं ते. मी नमस्कार केला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि बाहेर आले. दोनदा तसंच झालं.”

“खाली वाचलं नाहीस?”

“अहो, दुसऱ्याच्या दुःखाच्या पानावर मी माझ्या झेंडूचं काय शोधत बसू? बरं दिसतं का ते?”

मी कपाळावर हात मारून घेतला. तिला हवं होतं ते सगळं त्याच पानावर होतं.

ते पान सिंधुबाईंचं. गिरणाऱ्याच्या अलीकडे बहिरूनाना आणि सिंधुबाई या जोडप्याचा फुलांचा मळा. मंच सुरू झाला तेव्हापासून दोघं मिळून लिहायची. म्हणजे नाना बोलायचे आणि सिंधुबाई मोबाइलवर टाइप करायच्या. नाना स्वभावानं फटकळ आणि आपलंच खरं करणारे. बाई लिहिताना त्यांची धार बोथट करायच्या, कधी खाली आपलं घालायच्या, ‘हे म्हणतात तितकं खत नको, निम्मं पुरे.’ लोकांना ते निम्मंच पटायचं. करोना सरल्यानंतरच्या हिवाळ्यात बाई गेल्या. आमच्याकडे रीत आहे, कुणी गेलं की श्रद्धांजलीचा धागा काढायचा. धागा म्हणजे एका विषयाचं पान. त्याखाली ज्यानं त्यानं लिहीत जायचं. बाराव्या-तेराव्याला तो बंद करतात. बाईंचा बंद करायचा राहिला, कारण त्याच आठवड्यात नानांनी त्यात पहिल्यांदा स्वतः लिहिलं. सून सुवर्णानं त्यांच्या मोबाइलवर तेवढंच पान उघडून दिलं होतं. नाना मोबाइलशी बोलले, मोबाइलनं लिहून घेतलं: ‘ऐक, शेवंतीला मावा पडलाय.’ कुणीतरी खाली विचारलं, मग फवारलं काय? नानांनी सांगितलं. झालं. तेव्हापासून ज्याला नानांना विचारायचं तो श्रद्धांजलीच्या धाग्यात जातो. मर, लाल कोळी, तोडणी, गणेशवाडीच्या बाजारात माल कधी न्यावा, सगळं तिथेच. जुन्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. नवा माणूस दारातच हात जोडतो आणि चपला घालून परत फिरतो.

योगेशला सांगितलं. तो म्हणाला, “सोपं आहे. निवडायचं आणि हलवायचं. प्रत्येक विषयाचं वेगळं पान करू. नवीन माणसाला एका झटक्यात सापडेल.”

नानांना न विचारता हात लावायचा नव्हता, म्हणून रविवारी गिरणाऱ्याला गेले. नाना पडवीत गोणपाटावर बसून शेवंतीची रोपं निवडत होते. निकिताची हकीकत सांगितली तर भडकले.

“बांधावर टाकली? अगं, रोगट झाड बांधावर टाकत्यात का! लांब न्यायचं, जाळायचं. आन् त्या सरीचं पानी पुढच्या सरीत सोडलं आसंल तिनं. रोग पान्यावर बसून फिरतो.”

“तिला कुणी सांगितलंच नाही ना नाना. तुम्ही सांगितलेलं तिला सापडलं नाही.”

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, ते पान उघडलं आणि तोंडाजवळ धरलं. “ऐक. एक नवी पोर हाय. तिचा झेंडू मरतोय. तिला म्हनावं, पानी तोड, ट्रायकोडर्माची भुकटी शेणखतात मुरव आन् बुडाशी दे. आठवतंय ना, आपला पिवळा गेलता त्या साली?” मोबाइलनं सगळं लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, सवय आहे एकेकाची बोलायची.

मग मी हळूच विषय काढला. उत्तरं विषयवार लावू, नव्या पोरांना सोपं जाईल. नानांनी हातातलं रोप गोणपाटावर ठेवलं.

“माझं पान ऱ्हाईल ना?”

“राहील की. फोटो, हार, सगळं जागच्या जागी राहील. फक्त शेतीचं तेवढं दुसरीकडे लावायचं.”

“मंग लावा. पोरीचा झेंडू वाचला पायजे. माझ्या पानाला तेवढा धक्का लागू देऊ नका.”

मी शब्द दिला आणि पाळलाही. गणपती येईपर्यंत मी आणि योगेशनं ते पान निवडून काढलं. मर रोगाचं वेगळं, किडीचं वेगळं, बाजाराचं वेगळं, आणि सगळ्यांच्या वर ‘नवीन आहात? इथून सुरुवात करा’. मंच असा लखलखीत झाला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. ‘मागे चर्चा झाली आहे’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली, कारण आता झालेली चर्चा कुणालाही सापडत होती. निकिताचा निम्म्याहून जास्त झेंडू वाचला. दसऱ्याला तिनं फुलांनी भरलेल्या क्रेटचा फोटो टाकला. नवे लोक येऊ लागले, वाचू लागले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला संध्याकाळी नुसतं बसून चहा पिता आला.

नाना मात्र लिहिनासे झाले.

आधी वाटलं, हंगाम आहे, वेळ नसेल. शेवंतीवर नवाच कसला तरी ठिपका आला, जो जुन्या कुठल्याच उत्तरात नव्हता. लोकांनी नव्या पानावर नानांना हाका मारल्या. नाना गप्प. शेवटी मीच फोन केला. तब्येत विचारली, ठीक होती. शेवंती विचारली, तीही ठीक होती.

“मग नाना, लिहीत का नाही? किडीचं पान आहे ना आता, तिथे लिहा.”

“तिथं कोन हाय?”

“सगळे आहेत की. तुमच्या उत्तराची वाट बघतायत.”

“सगळे आसतील. मनीषा, तुला राग नको येऊ देऊ. मी रोज पान उघडतो. तू म्हनाली तसं हाय, फोटो हाय, हार हाय. आन् खाली भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. दुसरं कायच नाय. आधी ते कुठं दिसायचं? आधी तिथं मावा आसायचा, पानी आसायचं, कोन भांडायचं, कोन भाव विचारायचं. ती मधी बसलेली आसायची. तुमी आमचं बोलनं उचलून नेलं आन् मरन तेवढं ठेवलं.”

मला रडू यायला लागलं आणि रागही आला. नानांचा नाही, माझा नाही, कुणाचा ते सांगता येत नाही. इतकं राबून एक गोष्ट नीट करावी, आणि ती नीट झालीच म्हणून कुणाचं तरी असं व्हावं.

योगेशला सांगितलं, सगळं परत ठेव. तो माझ्यावर खेकसला. “वेड लागलंय का तुला? नवीन लोकांना पुन्हा सापडणार नाही.”

“दोन्हीकडे ठेव.”

“तशी सोय नाही. उत्तर हलवता येतं, त्याची नक्कल निघत नाही. हाताने करावं लागेल एकेक.”

“मग मी करीन हाताने.”

आणि करतेय. योगेशनं सगळी प्रश्नोत्तरं परत त्यांच्या जागी नेली. मी रविवारी भाजी निवडून झाली की बसते, एकेक उत्तर उचलते, विषयाच्या पानावर चिकटवते. मान दुखते. नवरा म्हणतो, तुला पगार तरी देतात का याचा. मी त्याला चहा टाकायला सांगते. नाना नवं काही लिहितील तेही असंच दोनदा ठेवावं लागणार. म्हणजे मंच कुणाच्या तरी हवाली करायचं राहिलं ते राहिलंच.

श्रद्धांजलीच्या पानावर, फोटोच्या खाली, मी एक सूचना लावली. ती लिहायला मला अख्खी दुपार लागली, एवढी आजवर कुठल्या सूचनेला लागली नव्हती. ‘नवीन सभासदांसाठी: हे पान सिंधुबाईंचं आहे. इथे फुलांबद्दल काहीही विचारा. संकोच करू नका. श्रद्धांजली लिहिली नाही तरी चालेल.’

आठवडाभर कुणी काही लिहिलं नाही. नानाही नाही. मी पान उघडायची आणि मिटायची.

मग किशोर नावाचा एक नवा मुलगा आला. त्यानं सूचना वाचली नाही. नवीन लोक सूचना वाचत नाहीत, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं. त्यानं फोटो बघितला आणि लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’

मी ते काढून टाकणार होते, इतक्यात त्याच्या खाली नानांचं आलं.

‘ते ऱ्हाऊ दे. तिला सांग, तू काय लावलंय?’