ताडपत्रीची निळी बाजू

मी जीपीएस बोलतोय. हातात मावणारा, काळ्या रबरी अंगाचा, लहानशा पडद्याचा. आवाज चढलेला वाटला तर तो चढलेलाच आहे. बारा वर्षं एका ताडपत्रीच्या दुकानात काढली. बसा, पाणी घ्या, घाई काय आहे, अशी गोड बोलायची सवय तिथेच लागली. पण आज मला काही विकायचं नाही. आज मला भांडायचं आहे.

आधी माझ्यावरचा एक आळ पुसून टाकतो. मी बोलत नाही, मी ऐकतो. वर आकाशात उपग्रह फिरत असतात आणि एकसारखी वेळ सांगत असतात. त्यातल्या चौघांचं नीट ऐकू आलं की मी कुठे आहे ते मला कळतं. मी स्वतः बाहेर एक चकार शब्द पाठवत नाही. ऐकू आलं नाही तर अंदाजपंचे ठोकूनही देत नाही. पडद्यावर सरळ लिहितो: उपग्रह मिळत नाहीत. ऐकू आलं तरी खाली बारीक अक्षरांत कबूल करतो, की चार मीटर इकडेतिकडे असू शकेन. माझ्या जातीची अब्रू एवढीच आहे, आणि ती मी सांभाळली.

जन्म कारखान्यातला. आम्हा दोनशे भावंडांना गच्चीवर रांगेत मांडून आकाश दाखवलं. ज्यांना दिसलं ते खोक्यात गेले, ज्यांना दिसलं नाही ते भंगारात. तिथून घड्याळं आणि कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात आलो. सात महिने धूळ खात होतो. मग एक जाडजूड गृहस्थ आला, मला उलटापालटा करून म्हणाला, "घेतला तर शिकवणार कोण?"

"सोबत पुस्तक आहे," दुकानदार म्हणाला.

"पुस्तक शाळेतही होतं माझ्याकडे," तो म्हणाला, आणि मला घेऊन गेला.

हा माझा मालक. सातवीत शाळा सोडलेली, सायकलवर ताडपत्र्या विकत सुरुवात केलेली. शब्दकोश मांडीवर घेऊन त्याने तीन आठवड्यांत माझं सगळं पुस्तक वाचलं. धान्याच्या, मिठाच्या, कोळशाच्या ढिगांभोवती मला घेऊन चालायचा आणि माझ्या आकड्यावरून ताडपत्री कापायचा. एकदा मिठाच्या ढिगाला ताडपत्री दोन हात तोकडी पडली. गिऱ्हाइकासमोर मला म्हणाला, "खोटारडा आहे साला." मालकीणबाईंनी मला हातात घेतलं, चष्मा वर सरकवला. "अहो, खाली लिहिलंय की. चार मीटर इकडेतिकडे. तुम्ही मोठी अक्षरंच वाचता." त्या दिवसापासून मला कळलं, या घरात बारीक अक्षरं कोण वाचतं ते. त्यांनी माझं नाव चोमड्या ठेवलं. मला आवडायचं.

धंदा वाढला तसं मालकाला विमानाने जावं लागू लागलं. ताशी चार किलोमीटरच्या वेगाने ढिगाभोवती फिरणारा मी, पहिल्यांदा खिडकीच्या काचेला चिकटून बसलो आणि पडद्यावर सातशे दिसलं. माझी छातीच भरून आली. मालक तर शेजारच्याला, पाठीमागच्याला, जेवणाचा ट्रे आणणाऱ्यालाही दाखवत होता. "आत्ता आपण नदीवर आहोत. आत्ता डावीकडे वळलो, वैमानिकानं सांगितलं नाही, यानं सांगितलं."

दुसऱ्या फेरीत एक शोध लागला. विमान उडालं की दहाव्या मिनिटाला आमच्या घरावरून जातं. मालकाने माझ्यात घराची खूण केलेलीच होती. बाण त्या खुणेवर आला की तो खिडकीला नाक लावायचा. पण इतक्या उंचीवरून घर कुठलं दिसतंय, सगळी छपरं सारखी. त्यावर उपाय मालकीणबाईंनी काढला. दुकानातली सगळ्यात मोठी ताडपत्री, तीस बाय चाळीस फुटांची, गच्चीवर पसरायची. एका बाजूने पिवळी, दुसऱ्या बाजूने निळी. पिवळी बाजू वर. चार कोपऱ्यांवर विटा. दुकानातला शिलाई मशीनवाला आणि त्या, दोघं मिळून ते धूड जिन्यातून वर चढवायचे. आकाशातून ती टाचणीच्या डोक्याएवढी दिसायची. पण दिसायची. मालक पुढच्या विमानतळावरून फोन करायचा, "पाहिली."

आता इथून माझा राग सुरू होतो.

पाचव्या की सहाव्या फेरीला खाली ढग होते. काही दिसलं नाही. मी बाण दाखवला, घर इथेच आहे म्हटलं, पण पांढऱ्याखाली. मालकाने फोनवर सांगितलं, "पाहिली की. मस्त दिसली." पुढच्या खेपेला तो झोपला होता. "पाहिली." त्याच्या मते हे खोटं नव्हे. गिऱ्हाइकाला 'माल गोदामात आहे, उद्या पाठवतो' म्हणायचं आणि मग माल बनवायला घ्यायचा, त्यातलाच हा प्रकार. बाईनं एवढं ओझं वर नेलं, तिचं मन कशाला मोडा. मी त्याच्या पट्ट्याला लटकून ऐकत होतो. चांगल्या मनाने बोललेली थाप पहिल्यांदा खपली की पुढे तिचाच कारखाना निघतो, हे त्या माणसाला कळायला नको?

मग मालकीणबाईंच्या मानेत गाठ आली. तपासायला दिली. रिपोर्ट ज्या दिवशी सकाळी मिळायचा, त्याच दिवशी मालकाचं विमान होतं. दूर देशी, ताडपत्रीचं कापड विणायचं नवीन यंत्र बघायला, बारा दिवस. तो म्हणाला, "रद्द करतो." त्या म्हणाल्या, "नको. काही नसेल तर उगाच माझ्यामुळे राहिलं असं व्हायचं."

"मग फोनवर सांग."

"फोनवर नाही. फोनवर मी म्हणेन, जा, काही नाही. तुम्ही म्हणाल, बरं. आपण दोघंही फोनवर खोटं बोलतो, तुम्हाला काय सांगायचं." ताडपत्रीची घडी खाली पडली होती, तिला त्यांनी पायाने स्पर्श केला. "पिवळी वर असली तर काही नाही, पुढचं विमान धरा. निळी वर असली तर पहिल्या थांब्यावरून मागे फिरा. मला तोंडानं काही म्हणायला लावू नका."

मालक म्हणाला, "बघतो मी. डोळ्यांत तेल घालून बघतो."

त्या दिवशी आकाश धुतल्यासारखं होतं. आम्ही खिडकीशी. पट्टे सोडायची खूण झाल्याबरोबर मालकाने मला चालू केलं आणि काचेला लावलं. घर, त्रेचाळीस किलोमीटर, समोर. अडतीस. इतक्यात शेजारचा टायवाला वळला.

"हे काय आहे?"

"जीपीएस."

"विमानात चालतं?"

"चालतंय की. बघा, सहाशे ऐंशी."

टायवाल्याने वरचं बटण दाबलं. हवाई सेविका आली, नम्र, थकलेली. "सर, हे यादीत नाहीये. बंद करून माझ्याकडे द्या, प्लीज."

"ताई, हे फक्त ऐकतं. बोलत नाही. माझ्यासारखं नाही."

"सर, मला नियम पाळावा लागतो."

"दाखवा नियम."

तिने समोरच्या खिशातलं मासिक काढून पान उघडलं. चालणाऱ्या वस्तूंची एक यादी, न चालणाऱ्यांची एक. मी दोन्हींत नव्हतो. झालं. मालकाला असा सौदा फार आवडतो, ज्यात दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं बरोबर असतं. तो पूर्ण तिच्याकडे वळला, खिडकीकडे पाठ. "एका गिऱ्हाइकानं मला विचारलं होतं, ताडपत्रीमुळे छपराला गंज चढेल का. म्हटलं, बाबा, ताडपत्री पाणी अडवते, पाण्याला दोष दे ना." टायवाला हसला नाही, म्हणून त्याने दुसरी गोष्ट काढली. घर, एकोणीस किलोमीटर. मी त्याच्या हातात होतो, पडदा खाली. अरे बाबा, माझी अब्रू राहू दे बाजूला, खाली बघ. घर, चौदा. सेविकेने हात पुढे केला. "सर, मी कॅप्टनना विचारते. तोवर माझ्याकडे द्या." त्याने बटण दाबलं आणि मला दिलं.

त्यापुढची काही मिनिटं माझ्याकडे नाहीत. जे मी पाहिलं नाही ते मी सांगत नाही.

परत चालू झालो तेव्हा मालक मिशीत हसत होता. टायवाल्याला म्हणत होता, "खुद्द कॅप्टननं सांगितलं ना, चालतं म्हणून?" मग त्याने मला काचेला लावलं. मला उपग्रह धरायला पाऊण मिनिट लागलं. घर, एकसष्ट किलोमीटर, मागे.

"अरे," तो म्हणाला. "गेलं की."

सौदा जिंकला आणि घर मागे पडलं. आणि खाली ऊन होतं, एकही ढग नव्हता.

पहिल्या थांब्यावर उतरल्याबरोबर फोन लावला. मला वाटलं, आता सांगेल. भांडण झालं, चुकलं, तूच सांग काय ते. त्याला कोण खाणार होतं?

"पोचलात?"

"पोचलो."

"पाहिली?"

मी त्याच्या तळहातात होतो. बाईंचा आवाज नेहमीसारखा होता, शांत. त्या शांत आवाजावरून याने पिवळा रंग काढला. मोठी अक्षरं वाचली.

"पाहिली की. स्वच्छ दिसली. ऊन होतं."

"मग?"

"मग काय, दीड तासानं पुढचं विमान आहे. जातो."

"बरं," त्या म्हणाल्या. "जा."

माझं तोंड बांधलेलं नसतं तर त्या विमानतळावर मी असा ओरडलो असतो की सगळे बंदुकवाले धावत आले असते. आणि माझा राग एकट्या मालकावर नाही. बाईंवरही आहे. बारीक अक्षरं वाचणारी बाई ती, तिने एकच शब्द विचारायचा होता: कोणती? पण ज्याने पाहिली म्हटलं आणि जातो म्हटलं, त्याला पुन्हा विचारायचं म्हणजे भीक मागायची. ती त्या मागणार नव्हत्या.

बारा दिवस रोज फोन झाला. "कशी आहेस?" "ठीक." "जेवलीस?" "जेवले." यंत्र पाहिलं, गिरण्या पाहिल्या, मालकाने प्रत्येक शहर माझ्यात नोंदवलं. मी निमूटपणे नोंदवलं.

घरी परतलो तेव्हा दार मालकीणबाईंच्या भावाने उघडलं. बॅग घ्यायला हात पुढे केला नाही. "या, दाजी. मिळाला का वेळ?"

बाई खुर्चीत बसल्या होत्या. मानेला पांढरी पट्टी. शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झाले होते. ते 'ठीक' इस्पितळाच्या खाटेवरून आलेलं होतं.

मालक दारातच बसला. बूटसुद्धा काढले नाहीत. "पिवळी होती ना?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "चोमड्या द्या इकडे."

चष्मा वर सरकवून त्यांनी त्या दिवसाची माझी वाट उघडली. मी गेलेली प्रत्येक वाट रेघेने राखून ठेवतो. विमानतळापासून निघालेली रेघ घराच्या अलीकडे, चौदा किलोमीटरवर तुटली होती, आणि घराच्या पलीकडे एकसष्टवर पुन्हा सुरू झाली होती. मधे कोरं. बाईंनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे हा बंद होता."

"हो."

"म्हणजे तुम्ही पाहिलीच नाहीत."

मालकाने कुठलीही गोष्ट सांगितली नाही. ना टायवाल्याची, ना कॅप्टनची. "नाही पाहिली," म्हणाला.

"बारा दिवस," बाई म्हणाल्या, "मी समजत होते की निळी बघून तुम्ही पुढे गेलात. भूल देताना डॉक्टर म्हणाले आकडे मोजा, मी आकड्यांऐवजी तेच मोजत होते. आणि तुम्ही नुसते थापाडे निघालात." त्यांना हसू आलं, मानेला ताण बसला, पट्टी धरून त्या हसल्या. मग हसू थांबलं आणि जे बोलल्या ते मी इथे सांगत नाही. भाऊसुद्धा स्वयंपाकघरात निघून गेला.

या गोष्टीला आता वर्ष होईल. औषधं चालू आहेत, रंग बरा आहे. माझ्या बॅटरीचं झाकण तुटलं, त्याला रबरबँड लावलेलं आहे. मी दुकानातल्या बाईंच्या टेबलाच्या खणात असतो, कात्री आणि ताडपत्रीला लावायच्या पितळी रिंगांच्या सोबत. मालकाकडे नवा फोन आहे, त्यात नकाशा आहे, त्याला माझी गरज नाही.

गेल्या महिन्यात तो पहिल्यांदा पुन्हा विमानाने गेला. बाई दिवसभर दुकानात होत्या, ताडपत्री घडीतच होती. त्याचा फोन आला तेव्हा खण उघडा होता.

"अगं, नाही दिसली. खिडकीतच होतो, नजर हलवली नाही. सगळं स्वच्छ होतं, गच्चीसुद्धा ओळखू आली असं वाटलं. पण ताडपत्री नाही दिसली मला."

बाईंनी रिंगांची पुडी बाजूला ठेवली. "टाकलीच नव्हती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "जेवलात का?" आणि तो म्हणाला, "नाही अजून." या घरात या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर मी प्रथमच ऐकलं.

त्यांचं मिटत आलं असेल. माझं मिटलेलं नाही. माझ्या पडद्यावर कोरी जागा दिसली म्हणून एक घर वाचलं, पण ती कोरी आहे हे सांगायला एका माणसाला बारा दिवस लागले, आणि ते बारा दिवस एका बाईच्या मानेवर गेले. तुम्हीही कुणाला तरी रोज 'पाहिलं', 'वाचलं', 'ऐकलं' म्हणत असाल. मी हात जोडत नाही, मला हात नाहीत. पण दिसलं नसेल तर तसं म्हणा.

खणात अंधार आहे, इथून आकाश दिसत नाही. बटण दाबून पाहा. मी तेच सांगेन: उपग्रह मिळत नाहीत.