विचारायचं नाही

आईचं विमानाचं तिकीट निघालं त्या दिवसापासून परदेशातल्या बारकीने फोनवरून सूचनांचा सपाटा लावला. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू घाईतल्या माणसांची. कुणाला काही द्यायचं तर दोन्ही हातांनी. पिशवीत हातरुमाल हवाच, बाहेर हात पुसायला काही मिळत नाही. आगगाडीत बोलायचं नाही, फोन आला तरी उचलायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाला खाजगी काही विचारायचं नाही. वय नाही, लग्न नाही, पगार नाही. "इथे लोकांना ते अंगावर आल्यासारखं वाटतं," हे तिने पुन्हा पुन्हा बजावलं.

ही शेवटची सूचना खास आईसाठी होती. आई आपल्या छोट्या दुकानात ब्लाउज शिवायची आणि टाचण्या ओठांत धरूनसुद्धा तिचे प्रश्न अडत नसत. दंडाचं माप होईतो समोरच्या बाईचं माहेर कळलेलं असायचं, कमरेशी पोचेपर्यंत सासूचं दुखणं.

"बारके, आईचा सराव जोरात चाललाय हं," दादा फोनवर म्हणाला. "मला मिठाची वाटी दोन्ही हातांनी देते. काल शेजारच्या काकू नवी साडी नेसून आल्या, तर कितीला घेतली ते विचारलं नाही. काकू रुसून गेल्या."

बारकी पोट धरून हसली.

ती एका मोठ्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम करायची. काचेच्या उथळ बशीत थर दाट होत जाताना बघणं तिला मनापासून आवडायचं. घरी जाऊन तीन वर्षं होत आली होती. साहेबांनी नुकतंच विचारलं होतं, आणखी पाच वर्षं राहशील का? तिला हो म्हणायचं होतं. पण ते घरी सांगायला तोंड उघडेना. दादाशी बोलताना ते जिभेवर यायचं आणि परत आत जायचं. मग तिने ठरवलं, आई आली की आपोआप निघेल. तिच्या पोटातलं आजवर असंच बाहेर आलं होतं. गणितात नापास झाल्याचं, मोटारसायकलवाल्या मुलाचं, सगळं आईने विचारलं म्हणून. स्वतःहून सांगायची तिला कधी वेळच आली नव्हती.

आई आली आणि बारकी थक्क झाली. सरकत्या जिन्यावर आई डावीकडे उभी. दुकानात पिशवी घेताना दोन्ही हात पुढे, मान किंचित लवलेली. खोली बारकीची, एका पलंगाची, खिडकीला टेकलेल्या टेबलाची. तिथे आई पाहुण्यासारखी टोकाला बसे. "हा डबा उघडू का गं?" असं विचारून डबा उघडे. तेवढंच काय ते विचारणं.

बारकी वाट बघायला लागली. संध्याकाळी प्रयोगशाळेतून ती जिने धावत चढायची. आई चहा पुढे करायची, दोन्ही हातांनी, आणि गप्प बसायची. "आज साहेब खूश होते," बारकी म्हणायची. "बरं झालं," आई म्हणायची. "मला जरा वेगळं काम देतायत." "हो का?" की झालं, विषय बंद. एवढी लांब, परक्या भाषेच्या गावात आपण ज्या आवाजासाठी झुरलो तो आवाज हाताच्या अंतरावर आहे आणि बंद आहे, याने तिचा जीव कासावीस व्हायचा. आई पलंगावर, ती खाली गादीवर. मधे जेमतेम पावलाभराची जागा, तरी तिला घरची आठवण येत होती.

रविवारी दोघी टेकडीवरच्या बागेत गेल्या. परतताना छोट्या स्टेशनच्या बाकावर त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. बारकीला राहवलं नाही.

"आई, तू मला काहीच विचारत नाहीस."

"तूच तर सांगितलंस."

"अगं, ते बाहेरच्या लोकांना!"

"ते कळतं की मला. एवढी काही मी खुळी नाही." आई रुळांकडे बघत होती. "मला एकच विचारायचं होतं. घरून निघाले तेव्हापासून ओठावर आहे. पण विमानतळावर तुझं तोंड बघितलं आणि उत्तर काय येणार ते कळलं. म्हटलं, नियम आहे ते बरंच आहे."

गाडी आली, दारं उघडली. दोघी बसूनच राहिल्या. दारं मिटली.

"मग दुसरं काहीतरी विचार," बारकी म्हणाली.

"दुसरं?" आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "केस कुणी कापलेत हे? उंदरांनी?"

"मीच कापले. आरशात बघून."

"दिसतंयच. जेवतेस कधी?"

"आठवलं की."

"आजारी पडलीस तर बघतं कोण?"

"समोरची बाई. दाराशी भात ठेवून जाते. बेलसुद्धा वाजवत नाही."

"मुलंबाळं काय तिला?"

"विचारलं नाही गं कधी."

"कमाल आहे बाई तुझी! तिच्या हातचं खातेस आणि तिची चौकशी नाही?" आईचा आवाज चढला, पार दुकानातल्याइतका. आता विचारेल, आता विचारेल असं बारकीला वाटत राहिलं. पण आई त्या प्रश्नाच्या कडेपर्यंत येई आणि वळून जाई. थंडीत पांघरुणं पुरतात का, साहेब ओरडतात का, रविवारी एकटीच फिरतेस का.

मग बारकीनेच सांगून टाकलं. "आणखी पाच वर्षं, आई. त्यांनी विचारलंय. मला राहायचंय."

आईच्या पदराच्या टोकाला एक सुटा दोरा होता, तो तिने दातांनी तोडला.

"म्हणजे यायचं मलाच," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला कधी येऊ? थंडीत बरं असतं इथे, की उन्हाळ्यात?"