ऊट आयता?

कानडी मुलखाच्या राजधानीतही एक शिवाजीनगर आहे; त्याच्याजवळ छावणीच्या काळातली एक दगडी इमारत आहे. इंग्रजांचे घोडे जिथे चंदी खायचे, तिथे आता सत्तर रुपयांत मी जेवतो. सहा टेबलं, पायऱ्यांवर रांग आणि खानावळीच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणतात. मी पुण्याचा, नोकरीसाठी इथे आलेला. कन्नड अ‍ॅपवरून शिकलो, त्यामुळे ते येत नाही आणि येत नाही हे कळतही नाही.

माझं ताट रिकामं झालं की अक्का टेबलाशी येऊन विचारायच्या, "ऊट आयता?" म्हणजे, जेवण झालं का? हा धडा मी तीनदा गिरवला होता. मी ऐटीत सांगायचो, "आयतु, अक्का." झालं. आणि हसत बसून राहायचो. त्या क्षणभर बघायच्या आणि आणखी दोन चपात्या वाढायच्या. एवढ्या मोठ्या शहरात मला जेवलास का म्हणून विचारणारं हे एकच माणूस होतं. खोटं कशाला बोलू, त्या दोन शब्दांवर माझा दिवस निघायचा.

आईचं म्हणणं, मी पुण्याला बदली मागून घ्यावी. "तिथे तुझं आहे कोण?" शनिवारी ती आली, तेव्हा उत्तर दाखवायला मी तिला खानावळीत नेलं.

"रोज मायेनं विचारतात. बघच तू."

जेवणं झाली. अक्का आल्या. तेच दोन शब्द. मी विजयी मुद्रेनं आईकडे पाहिलं, तर आई ताडकन उभी!

"ऊठ की अजिंक्य! त्या 'उठा आता' म्हणतायत."

"आई, ते कन्नड आहे..."

"मराठीच बोलते हो मी," अक्का म्हणाल्या. "आमचं घर तीन-चारशे वर्षं इथंच, पण घरात मराठी. यांना फोनवर मराठी बोलताना ऐकलं, म्हणून मी मराठीत सांगायचे. बाहेर रांग असते ना!"

दोन महिने ती बाई मला रोज उठवत होती आणि मी दाद देत होतो. पुण्यात लोकांच्या अनुस्वाराच्या चुका काढणारा मी, मला स्वतःची मातृभाषा ओळखता आली नाही. लाज वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. म्हणजे या शहरात मला कोणीच विचारत नव्हतं.

"मग चपात्या का वाढायच्या?" मी विचारलं.

अक्का ओशाळल्या. "आयतु म्हणायचे आणि उठायचे नाहीत. मला वाटलं, पोरगं स्वल्प लाजतंय. पोट भरलं नाही, मागवत नाही. अर्धपोटी कसं उठवायचं?"

आई माझ्या सुटलेल्या पोटाकडे बघत राहिली. मग तिनं अक्कांचा हात दोन्ही हातांत धरला.

पायऱ्या उतरताना म्हणाली, "बदलीचं राहू दे. पुण्यात लाजणाऱ्याला उपाशीच उठवतात."