मोठ्याचा कोट

धाकट्याचं वहिनीशी लग्न झालं, मोठ्या भावाच्याच कोटात झालं, आणि सही करताना त्याचा हात बाहीतून बाहेरच येईना. पण हे झालंच नाही असं आपण समजू. त्या दोघांनीही तसंच समजायचं ठरवलं होतं; आपण कोण मध्ये पडणार?

तर, लग्न अजून व्हायचं होतं आणि धाकटा दुकानात बसून भावाचा कोट उसवत होता.

दुकान शिलाईचं. मोठा कापायचा, धाकटा ऑल्टर करायचा. या कामाची तालीम त्याला लहानपणीच मिळालेली: मोठ्याचे शर्ट, मोठ्याचे बूट, मोठ्याची सायकल, इतकंच काय, मोठ्याचा गोवरसुद्धा त्याच्याकडे नंतर आला. मोठा गेला तो एका लठ्ठ गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावलेला असताना. आकडा सांगायच्या आतच गेला. गिऱ्हाईक बिचारं बराच वेळ पोट आत ओढून उभं होतं.

मग घरात बैठक बसली.

"सोन्यासारखी सून, दुसऱ्या घरी जाऊ द्यायची?" आई म्हणाली. "धाकट्यानं सांभाळायची, ही आपली रीतच आहे. आणि कोटही आहे. मोठ्यानं लग्नात एकदाच घातलेला."

"दोन्ही घरातल्या घरात," मामा म्हणाले.

वहिनीला कोणी विचारलंच नाही. ती आत काजं करत होती. धाकट्याला विचारलं, पण उत्तरासाठी कोणी थांबलं नाही.

धाकट्याच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती: सूड. कारण ही बाई दुकानात पहिल्यांदा आली ती त्याच्याकडे. एकाच ड्रेसची उंची कधी कमी करा, कधी वाढवा म्हणून ती येतच राहिली, आणि या शहाण्याला वाटलं, बाईला उंचीतलं काही कळत नाही. मोठ्याला कळलं. "हो बाजूला," म्हणत त्याने एक दिवस तो ड्रेस स्वतः तिच्या घरी पोचवला आणि परत आला तो लग्न ठरवूनच. आणि आता मेल्यावर, वापरून झालेल्या शर्टासारखी तीही धाकट्याकडे पाठवून दिली होती.

धाकट्याने खांदे, छाती, बाह्या, सगळं आत घेतलं. मोठा उद्या उठून आला असता तरी त्याचं कोपर त्यात शिरलं नसतं.

"घाल आता," तो कोटाला म्हणाला. हँगरवरचा कोट गप्प राहिला. मोठा आयुष्यात पहिल्यांदा ऐकून घेत होता.

सकाळी कोट घालून पाहिला तर पुन्हा ढगळ. शिवण न् शिवण उसवून मोठ्याच्या मापाला परत. आणि टाका वहिनीचा.

"वहिनी, हे काय?"

"माप बरोबर केलं," दोरा दाताने तोडत ती म्हणाली.

"दादाचं माप! लग्न माझं आहे ना?"

"असं म्हणतात खरं."

"एवढा राग? मी काय केलं?"

"तेच ते. काहीच केलं नाहीत." तिने सुई कापडात खुपसली. "एका ड्रेसला बाईनं किती वेळा दुमड घालून घ्यायची, भावजी? शेवटी कापड विरलं. तेव्हा त्यांच्या मागे उभे राहिलात, आता त्यांच्या आत उभे राहताय."

धाकट्याने कोटाची बाही उलटी करून शिवण पाहिली.

"आणि सूड तरी धड घ्यायचा! कोट आत घेतलात, पण शिवणीतलं जादा कापड, मार्जिन, कापलं नाहीत. ते परत आले तर सोडायला हवं म्हणून?"

"मार्जिन ठेवायचीच पद्धत आहे आपली."

"मग ठेवा."

"नको असेल तर लग्नाला नाही म्हणा ना."

"का म्हणू? तुम्हाला एवढ्यात सोडू?"

तर लग्न झालं. म्हणजे झालं नाही. मशिनं समोरासमोर लागली. भर गिऱ्हाइकांत ती खणखणीत आवाजात म्हणे, "भावजी, कात्री द्या."

"लोक हसतात," तो एकदा पुटपुटला.

"हसू दे. भावजी म्हणायची माझी सवय आहे. तुमची गप्प बसायची गेली का?"

नाही गेली. मग एक दिवस आई कोट न्यायला दुकानात आली. "पेटीत घालून ठेवते. पुढे कुणाच्या तरी अंगाला होईल."

"नाही," धाकटा म्हणाला.

आवाज कुठून आला ते आईला आधी कळलंच नाही. तिने मशीनखाली पाहिलं.

"कुणाच्या अंगाला व्हायचा नाही तो. माझ्याही नाही."

समोरचं मशीन थांबलं. धाकट्याने कोट गिऱ्हाइकांनी न्यायच्या तयार कपड्यांच्या दांडीवर लटकवला आणि एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून तो टाचणी शोधू लागला. वहिनीने आपल्या पदरातली काढून पुढे केली.

"ही घ्या," ती म्हणाली. नुसतंच "ही घ्या." पुढे भावजी नव्हतं.

आई गेली. कोट अजून तिथेच आहे, आणि चिठ्ठीवर लिहिलंय: "सदर कोटाच्या मालकास विनंती की, त्यांनी फिटिंगसाठी दुकानाच्या वेळेत समक्ष हजर राहावे व आपला कोट घेऊन जावा. बदली माणूस चालणार नाही."