आईंची चौकट

गंधारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लिनक्सचं भारी कौतुक. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनशेजारी बेस्ट नावाच्या गावातल्या आमच्या घरी त्याने कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे तीन भाग पाडले होते. डावीकडे कोड, उजवीकडे वर मेल आणि त्याखाली पुण्याच्या आई. दोन हजार पाचमध्ये सासूबाईंना हार्ट अटॅक येऊन गेला होता आणि त्या एकट्या राहायच्या. शेजारचा अजित सकाळी त्यांचा कॉम्प्युटर आणि टेबलावरचा कॅमेरा लावून द्यायचा. मग दिवसभर त्या खुर्चीत बसून भाजी निवडताना आम्हाला इथे दिसायच्या.

"पूर्णवेळ बाई ठेवू या," मी म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी. "मी बघतोय ना?" हे त्याचं ठरलेलं. त्याने आईंनाही सांगून ठेवलं होतं, फोनची भानगड नको, बरं वाटेनासं झालं तर नुसता हात हलव, मी अजितला पाठवतो. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय! आणि आईंचा लेकावर भलता विश्वास.

पुढच्या मे महिन्यात त्याच्या सॉफ्टवेअरच्या रिलीजचा आठवडा आला. तो घरूनच काम करत होता. कोडला जागा पुरेना, तशी आईंची चौकट आकसत काडेपेटीएवढी झाली. आवाज तर त्याने केव्हाच बंद केला होता.

त्या दिवशी साडेचारला मी चहा घेऊन त्याच्याकडे गेले. बाहेर लख्ख ऊन होतं.

"आई कशा आहेत?"

"मजेत. बसल्यात की खुर्चीत."

मी वाकून पाहिलं. आईंच्या मांडीवर ऊन पडलं होतं.

"गंधार, पुण्यात आत्ता आठ वाजलेत. हे ऊन कुठलं?"

त्याने चौकट मोठी केली. आई हलत नव्हत्या. मागचा पंखाही हलत नव्हता. नेट दुपारीच तुटलं होतं आणि शेवटचं चित्र तसंच राहून गेलं होतं.

गंधारने अजितला फोन लावला. त्याच्याकडे किल्ली होती. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. आई जमिनीवर पडल्या होत्या, अंग गार झालं होतं.

"फोन कुठे होता?" गंधारने विचारलं.

"हाताशीच होता. उचललेला नव्हता," अजित म्हणाला. "कॅमेरा मात्र टेबलावरून ओढून अगदी तोंडाजवळ घेतला होता त्यांनी."