तीन कोरे सोमवार

इस्पितळाच्या नोंदणी खोलीतली बाई कामाला वाघ आणि जिभेनं तिखट. अकरा देशांतली इस्पितळं आपापल्या कॅन्सर रुग्णांची माहिती एकाच सामाईक कॉम्प्युटरला पुरवत. तो हजारो गाठी एकमेकींशी ताडून बघे आणि कोणाला कुठलं औषध लागू पडेल ते सांगे. त्याच्यापुढची रांग मात्र भली मोठी. दर सोमवारी बाराच्या आत प्रत्येक रुग्णापुढे 'हयात' किंवा 'मृत' भरायचं, हे बाईचं काम.

काही इस्पितळं महाआळशी. त्यांची मेलेली माणसं रांगेत तशीच, आणि जिवंत बिचारी मागे ताटकळत. म्हणून गेल्या वर्षी पडद्यावरच्या बैठकीत बाईनं ठणकावलं होतं, "लागोपाठ तीन सोमवार रकाना कोरा दिसला की माणूस गेला समजा आणि नाव काढून टाका. रडगाणी ऐकायची नाहीत." अकरा देशांनी माना डोलावल्या, नियम झाला. बाई महिनाभर मिरवत होती.

मग तिच्या धाकट्या भावाच्या पोटात गाठ निघाली. त्याला घरात सगळे ढब्बू म्हणत. आता ढब्बूच्या फासळ्या मोजता येत होत्या. तातडीची म्हणून त्याची फाइल रांगेत चौदावी लागली. मोठे डॉक्टर म्हणाले, "दोन महिने हातात आहेत. नेमकं औषध कळलं, तर पुष्कळ वर्षं मिळतील."

पहिल्या सोमवारी बाईनं दोनशे जणांपुढे पटापट 'हयात' भरलं आणि भावापाशी तिची बोटं अडली. लिहिलं आणि नजर लागली तर? एवढी शिकलेली बाई, पण भावाच्या बाबतीत तिनं अक्कल गहाण टाकली. दोन कोरे चालतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! दुसऱ्या सोमवारीही तिनं तेच केलं. तिसऱ्या सोमवारी भरायचंच, असं स्वतःला बजावलं. त्या सकाळी ढब्बू तापानं फणफणला. ती त्याच्या उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिली. बारा वाजता तक्ता आपोआप गेला.

बुधवारी रांगेत भावाचं नाव दिसेना, तेव्हा तिनं सामाईक कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या परदेशी इंजिनिअरला फोन लावला.

"नाव परत घालता येईल," तो म्हणाला, "पण काढलेल्या नावाला तातडी मिळत नाही, रांगेच्या शेवटी जाईल. एकोणीस आठवडे लागतील."

"अहो, तो जिवंत आहे! इथे शेजारच्या वॉर्डात कण्हतोय!"

"नियम तुमचाच आहे ना, बाई? फार चांगला नियम. आमच्याकडची कितीतरी माणसं त्यानं वाचली." तो मनापासून आभार मानत होता.

मोठ्या डॉक्टरांनी रदबदली करून पाहिली. अपवाद करायला अकराही देशांच्या सह्या हव्या होत्या, आणि पुढची बैठक तीन महिन्यांनी होती.

संध्याकाळी ती भावाच्या खाटेशी गेली. खरं सांगायचं, असं ठरवून गेली होती. त्याचे डोळे बघितले आणि तिची हिंमत खचली.

"नाव गेलं रे रांगेतून. तिकडे कोणीतरी घोळ घातला."

ढब्बूनं तिचा हात घट्ट धरला.

"ताई, ज्यानं हे केलं ना, त्याचं वाटोळं होईल बघ. त्याला असंच कुजत मरण येईल."

"येईल रे," ती म्हणाली, आणि त्याचं पांघरूण सारखं केलं.